नेझुकोची पट्टी उलटी पडली: ॲनिमे बघता बघता कॉस्प्लेचं काम कसं मांडायचं



माझ्या दुकानात गल्ल्याच्या आतल्या बाजूला एक बिल चिकटवलेलं आहे. २२०० रुपयांचं. त्यावर लाल पेनाने 'परत' असं लिहिलंय. नवीन बॅचची मुलं दुकान बघायला येतात तेव्हा हमखास विचारतात, सर हे काय? व्हिडिओमध्ये मी ते फक्त दाखवलं होतं, पूर्ण किस्सा सांगायला वेळ नव्हता. आज सांगतो, कारण तुमच्यापैकी ज्यांना शिवणकाम येतं आणि ज्यांच्या घरात ॲनिमे बघणारं कुणी ना कुणी आहे, त्यांच्यासाठी या बिलात भरपूर माल आहे.

माझं कोल्हापुरात शिवणकामाच्या साहित्याचं दुकान आहे. अस्तर, चेन, बटणं, कॅनव्हास, लेस. मागच्या बाजूला दोन मशीन आणि एक मास्तर. तेव्हा ॲनिमे म्हणजे माझ्या लेखी भाचीचा टाइमपास. खरं तर आपल्या पिढीने ॲनिमे कधीच बघितलंय, फक्त नाव माहीत नव्हतं. दूरदर्शनवर रविवारी लागायचा तो मोगली जपानी स्टुडिओचा होता. डोरेमॉन आणि शिनचॅनबद्दल तर सांगायलाच नको.

तर एक दिवस भाची तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीला घेऊन दुकानात आली. "मामा, हिला नेझुको व्हायचंय." मी म्हटलं, व्हा की! काय शिवायचं सांगा. मुलीने मोबाईलवर एक फोटो दाखवला. कुणीतरी मुलगी आरशासमोर उभी राहून काढलेला सेल्फी. गुलाबी किमोनो, वर गडद तपकिरी कोटासारखं काहीतरी, कमरेला लाल-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा, तोंडात बांबू. मी मास्तरांकडे फोन सरकवला, मास्तरांनी मान हलवली, मी २२०० सांगितले. झालं काम. सिरीजचा एक मिनिटही मी बघितला नव्हता.

मुलीने वर्षभर साठवलेल्या पैशातून ते पैसे दिले, हे मला नंतर कळलं.

कार्यक्रम पुण्यात होता. ती पहाटेच्या गाडीने गेली आणि दुपारी भाचीला फोन आला. रडत होती. तिकडे कुणीतरी तिला सांगितलं होतं, अगं, तुझा किमोनो मेलेल्या माणसाचा आहे.

किमोनो घालताना डावी बाजू उजव्या बाजूच्या वर येते. पुरुष असो की बाई, नियम एकच. उजवी बाजू डाव्याच्या वर फक्त अंत्यविधीच्या वेळी, मृतदेहाला कपडे घालताना. आपल्याकडे मात्र शर्टाची पट्टी बायकांची उलटी असते, उजवी बाजू वर. मास्तरांची चाळीस वर्षांची सवय, "लेडीज आहे, लेडीज पट्टी." त्यात फोटो आरशातला, म्हणजे त्यातही डाव्याचं उजवं झालेलं. दोन चुका एकमेकींना साक्षीदार मिळाल्या. आणि आम्ही शहाणपणा करून आतून वेल्क्रो शिवून ती बाजू पक्की केली होती, म्हणजे तिला तिथल्या तिथे बाजू बदलून घालताही आलं नाही. तिने दिवसभर वरचा कोट घट्ट धरून ठेवला. फोटो काढून घेतले नाहीत.

मी पैसे परत केले. किमोनो उसवून सरळ करून दिला. पण तो दिवस काही परत देता येत नाही.

त्या रात्री मी भाचीच्या शेजारी बसलो आणि 'डीमन स्लेयर' बघायला सुरुवात केली. सोबत वही-पेन. इथून पुढचं सगळं त्या वहीतलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'डीमन स्लेयर' ही कोयोहारू गोतोगे यांची चित्रकथा. जपानच्या 'वीकली शोनेन जंप'मध्ये २०१६ ते २०२० अशी चालली. २०१९ मध्ये युफोटेबल स्टुडिओने त्याची ॲनिमे मालिका आणली. तिचा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे थिएटरला लागला, तोही हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंगसह. म्हणजे गिऱ्हाईक आता फक्त मुंबई-पुण्याचं राहिलेलं नाही. आणि कॉस्प्ले हा शब्द जपान्यांनीच इंग्रजीतल्या 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' यांचे तुकडे जोडून १९८० च्या दशकात बनवला. टोकियोत १९७५ पासून कॉमिकेट नावाची मोठी जत्रा भरते, तिथे हे वेड वाढलं. नागोयात २००३ पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट होतं. आपल्याकडे कॉमिक कॉन इंडिया २०११ ला दिल्लीत सुरू झालं, मग मुंबई, बंगळुरू, हैदराबाद असं पसरलं.

आता वही उघडू.

पहिली गोष्ट, सिरीज बघायची ती शिंप्याच्या नजरेने. स्टोरी एकदा बघून घ्या, मजेत बघा, मग दुसऱ्यांदा पॉज करत बघा. पात्र समोरून कधी दिसतं, पाठ कधी दिसते, हात वर केल्यावर बाहीच्या आत काय दिसतं. बाहीची लांबी मनगटापर्यंत की खाली लोंबते. रंग कुठल्या सीनमधला घ्यायचा हेही ठरवावं लागतं, कारण रात्रीच्या सीनमध्ये नेझुकोचा गुलाबी निळसर दिसतो आणि आगीजवळ केशरी. मी दिवसाच्या साध्या उजेडातला सीन धरतो. ॲनिमे बनवताना स्टुडिओवाले प्रत्येक पात्राचे समोरून, बाजूने, मागून असे नमुना-चित्रांचे कागद करतात, जपानीत त्याला 'सेत्तेई' म्हणतात. अधिकृत चित्रसंग्रहांच्या पुस्तकात ते छापलेले असतात. मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फॅनने काढलेलं चित्र, दुसऱ्या कॉस्प्लेयरचा फोटो, हे नंतर. आणि आरशातला सेल्फी कधीच नाही.

गियू नावाच्या पात्राचा कोट तर निम्मा एका कापडाचा आणि निम्मा दुसऱ्या कापडाचा आहे. एक बाजू साधी गडद लाल, दुसरी रंगीत भौमितिक नक्षीची. सेल्फीवरून शिवलात तर अख्खा कोट उलटा. चाहत्याला ते दहा फुटांवरून कळतं. तुम्हाला नाही कळलं तरी त्याला कळतं!

दुसरं, कापड. इथे मला खरा आनंद झाला. जपानी किमोनोचं कापड साधारण ३६ ते ३८ सेंटीमीटर पन्ह्याचं आणि १२ मीटरच्या आसपास लांब अशा तागात येतं. त्या अरुंद पन्ह्याचे सरळ आयत कापून अख्खा कपडा होतो. गोल मुंढा नाही, डार्ट नाही, कापड वाया जवळजवळ नाही. वरच्या कोटाला 'हाओरी' म्हणतात, तोही तसाच. मी मास्तरांना पाठीचा सीन पॉज करून दाखवला. मास्तर चष्मा वर करून म्हणाले, "काय ओ मालक, हे तर आपल्या बाराबंदीच्या घरातलंच हाय. सरळ कटिंग, बंद बांधायचे. एवढ्यासाठी आपण येवढं घाबरलो?"

आता यातला धंदा बघा. सरळ कटिंग म्हणजे मापाची झंझट कमी. एक हाओरी थोड्याफार फरकाने चार वेगवेगळ्या अंगांना बसते. आणि जे चार अंगांना बसतं ते भाड्याने देता येतं. आपल्याकडे ड्रेपरीवाले पिढ्यान् पिढ्या काय करतात? शाळेच्या गॅदरिंगला मावळा, वासुदेव, कोळीण, शेतकरी, सगळे ड्रेस भाड्याने. कॉस्प्ले म्हटल्यावर आपल्याला वाटतं काहीतरी परदेशी भानगड आहे. अहो, तुमच्या गावच्या ड्रेपरीवाल्याच्या लोखंडी कपाटात हाच धंदा लटकतोय. फक्त त्याच्याकडे तांजिरो नाही.

तांजिरो म्हणजे नायक, नेझुकोचा भाऊ. त्याची हाओरी हिरव्या-काळ्या चौकटींची. या चौकटींच्या नक्षीला 'इचिमात्सू' म्हणतात. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सू नावाच्या काबुकी नटाने ती रंगमंचावर वापरली आणि लोक तशाच नक्षीचं कापड मागायला लागले, म्हणून नक्षीला त्याचं नाव. वाचल्यावर मला बालगंधर्व आठवले. त्यांनी नाटकात जे नेसलं, जे ल्यालं, त्याची नक्कल घराघरातल्या बायका करायच्या असं आपण ऐकत आलोय. म्हणजे आवडत्या पात्रासारखं दिसायची हौस आजची नाही, आणि त्या हौसेवर कापड विकणारा दुकानदारही आजचा नाही.

नेझुकोच्या किमोनोवरची नक्षी 'आसानोहा', म्हणजे हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या) झाडाची पानं. ते झाड सरळ आणि झपाट्याने वाढतं म्हणून जपानात बाळाच्या कपड्यांवर ही नक्षी घालायची पद्धत, पोर तसंच निरोगी वाढावं म्हणून. हे गिऱ्हाइकाला सांगा. मी सांगतो. समोरच्याला कळतं की या माणसाने नुसता फोटो बघून कात्री लावलेली नाही.

नक्षी कापडावर आणायचे तीन रस्ते. चौकटी असतील तर दोन रंगांचे तुकडे जोडून शिवा. देखणं होतं, पण वेळ खातं. स्टेन्सिल करून फॅब्रिक पेंट मारा. एका नगाला परवडतं, दहाला नाही. किंवा डिजिटल प्रिंट करून घ्या. त्यात एक लक्षात ठेवा, सब्लिमेशन प्रिंट पॉलिस्टरवरच नीट बसते. गिऱ्हाईक म्हणालं मला कॉटनच हवं, तर सब्लिमेशनचा रस्ता बंद, आधीच सांगून टाका. आणि बाजारातलं तयार चेक्सचं कापड घेऊन तांजिरो करायचा मोह आवरा. शाळेच्या युनिफॉर्मची बारीक चौकडी लांबून चौकडी न दिसता नुसती हिरवट दिसते. पाठीवर आडव्या किती चौकटी मावतात ते स्क्रीनवर मोजायचं, गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप घ्यायचं, भागायचं. पाचवीचं गणित आहे.

आता पैसे. 'परत' लिहिलेल्या त्या बिलाचा हिशोब मी नंतर मांडला, आणि खरं सांगतो, पट्टीपेक्षा जास्त लाज मला याची वाटली. किमोनोचं प्रिंटेड कापड साडेचार मीटर, २२० ने ९९०. हाओरीचं तीन मीटर, १२० ने ३६०. कमरेचा पट्टा, आतला कॅनव्हास आणि दोरी २४०. अस्तर, वेल्क्रो, दोरा १५०. पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या १००. बांबू आणि त्याची फीत ६०. एकूण १९००. विग तिने तिचा आणला होता. (हे माझ्या गावचे, त्या वेळचे भाव, तुमच्याकडे वेगळे असतील.) मी घेतले २२००. उरले ३००. कटिंगचे दोन तास, शिलाईचे सात, पट्टा आणि फिनिशिंगचे तीन, ट्रायल आणि फोनाफोनीचे दोन. चौदा तास. तीनशे भागिले चौदा. साडेएकवीस रुपयेसुद्धा तासाला पडत नाहीत!

बीबीए केलंय मी. कॉस्टिंगच्या पेपरला चांगले मार्क होते.

चूक कुठे झाली सांगू? मी ड्रेस 'लेडीज ड्रेस' म्हणून मनात धरला आणि ड्रेसची शिलाई लावली. कॉस्प्लेचा सेट म्हणजे एक कपडा नसतो. नेझुकोचे सुटे नग मोजा, सहा-सात निघतात. म्हणून आता मी भाव सांगायच्या आधी पात्राचे नग लिहितो, प्रत्येकासमोर कापड आणि तास. तासाला १०० रुपये धरले तरी मजुरीच १४०० होते. वर दुकानाचा खर्च आणि नफा. तोच सेट आज ४२०० ला जातो, निम्मे आगाऊ. "एवढे?" म्हणणारे असतात. त्यांना मी वहीचं पान दाखवतो. काही जण निघून जातात, जाऊ द्या. काही जण म्हणतात, कोट तेवढा शिवा, बाकी आम्ही जमवतो. हेही चांगलं काम आहे.

कुठल्या पात्राने सुरुवात करायची? नेझुकोने नको, हे माझ्यावरून समजा. 'नारुतो'मधला अकात्सुकीचा काळा झगा घ्या. उंच कॉलर, त्यावर पांढऱ्या कडेचे लाल ढग. ढग कापून ॲप्लिक करायचे, झगा सैल, फिटिंगचा प्रश्न नाही. 'वन पीस'चा लुफी तर घरच्या कपड्यात होतो. लाल बिनबाह्यांचं जाकीट, निळी तीनचतुर्थांश पँट, गवती टोपी. लहान मुलींसाठी 'स्पाय फॅमिली'ची आन्या आहे, काळा फ्रॉक आणि सोनेरी कड. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्यांना तो डोळे झाकून येईल. आणि आई-बाबाही तयार होतात, म्हणजे एका घरातून तीन ऑर्डर.

चिलखत, तलवारी यांच्या नादी सुरुवातीला लागू नका. लागायचंच असेल तर ईव्हीए फोम शोधा. लोक ऑनलाइन महाग मागवतात. अहो, चपलांचे सोल त्याचेच होतात, कोल्हापुरात चपलांच्या कच्च्या मालाच्या दुकानात शीट मिळते आणि चिकटवायचं सोल्यूशनही तिथेच. फक्त खिडकी उघडी ठेवून काम करा, वास डोक्यात जातो. धातूचं पातं अजिबात नको. बहुतेक कार्यक्रमांत गेटवर शस्त्रं तपासतात आणि काढून ठेवायला लावतात. नेझुकोचा बांबू मात्र मी बुरुडाकडूनच आणतो, खऱ्या वेळूचं पेर, आतून पोकळ, हलकं. सॅंडपेपरने कडा घासून घ्यायच्या. आणि तो दातात धरायचा नसतो, फितीने गालाला टेकून बांधायचा, नाहीतर तासाभरात जबडा दुखतो.

गिऱ्हाईक कोण हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मला वाटायचं, स्टेजवर स्पर्धेला उभी राहणारी मुलं माझ्याकडून पूर्ण सेट घेतील. नाही घेत! मोठ्या स्पर्धांत, नागोयाच्या समिटमध्येसुद्धा, पोशाख स्पर्धकाने स्वतः बनवलेला लागतो. ती मुलं माझ्याकडे सेट मागायला येत नाहीत, ती येतात कॅनव्हास, चेन, फोम मागायला आणि "दादा, ही कॉलर उभी कशी ठेवायची?" विचारायला. त्यांना मी रविवारी दोन तास मशीन वापरायला देतो, पैसे घेऊन. परदेशात यावर मोठे व्यवसाय उभे आहेत. अमेरिकेतल्या याया हान यांनी स्वतःच्या नावाने कापडं आणि कटिंगचे पॅटर्न बाजारात आणले. जर्मनीतल्या कामुई कॉस्प्लेने चिलखत बनवायची पुस्तकं आणि पॅटर्न विकले. तयार पोशाख घेणारं गिऱ्हाईक वेगळं, एका दिवसाच्या हौसेचं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर भाड्यानेच हवा असतो. मी हाओरी भाड्याने देतो, डिपॉझिट घेऊन. विग भाड्याने देत नाही. कुणाच्या डोक्यावरचा कुणाच्या डोक्यावर, नको.

कायद्याचं थोडं. ही पात्रं कुणाच्या तरी मालकीची आहेत. शुएइशा या प्रकाशन संस्थेने जून २०२० मध्ये 'डीमन स्लेयर'मधल्या पात्रांच्या नक्षींवर जपानात ट्रेडमार्क मागितला होता. गियू, शिनोबू, रेंगोकू यांच्या नक्षी मंजूर झाल्या, तांजिरोच्या चौकटी नाकारल्या गेल्या. जुनी, सर्वांची भौमितिक नक्षी एकट्याची कशी होणार? आपल्यासाठी यातून एवढं घ्या की गिऱ्हाइकाच्या मापाने एक नग शिवून देणं आणि सिरीजचं नाव-लोगो छापून शंभर नग बाजारात आणणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. मी पाटीवर सिरीजचं नाव लिहीत नाही, लोगो छापत नाही. मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर आधी वकिलाकडे जा, नंतर प्रिंटिंगवाल्याकडे.

शेवटचं पान कॅलेंडरचं. समजा कार्यक्रम डिसेंबरात आहे. मधे नवरात्र, दिवाळी, लगेच लग्नसराई. ऑक्टोबरात एकही मास्तर तुम्हाला ओळख देणार नाही. म्हणून माप ऑगस्टमध्ये, कापड सप्टेंबरात हातात, पहिली ट्रायल घटस्थापनेच्या आत. दुसरी ट्रायल विग आणि बुटांसह, आणि त्या ट्रायलला गिऱ्हाइकाला नुसतं उभं करू नका. खाली बसायला लावा, हात वर करायला लावा, जिना चढायला लावा. आमच्या दुकानात माळ्यावर जायची लोखंडी शिडी आहे, तीच वापरतो. पॉलिस्टरमध्ये मुंबईच्या दमटपणात काय होतं तेही तेव्हाच सांगतो, आतून पातळ सुती बनियन घालाच. आणि प्रवास घरच्या कपड्यात करायचा, सेट बॅगेत. कॉमिकेटमध्ये तर पोशाख घालून येण्या-जाण्यालाच मनाई आहे, तिथे कपडे बदलायची वेगळी सोय असते. एसटीत हाओरी घालून बसलात तर बाही दारात अडकणार, हे सांगायला जपानचा नियम कशाला पाहिजे?

ती मुलगी मागच्या दिवाळीआधी परत आली. मला वाटलं काही शिल्लक हिशोब आहे. म्हणाली, "दादा, या वेळी शिनोबू करायचीय. पण मी स्वतः शिवणार. मशीन रविवारी मिळेल ना?" फुलपाखराच्या पंखासारखी हाओरी आहे तिची, कडेला रंग बदलत जाणारी. तीन रविवार ती रंगांचे तुकडे वाया घालवत बसली, चौथ्या रविवारी जमलं. मी मशीनचे पैसे घेणार नव्हतो, तिने गल्ल्यावर ठेवले.

आणि मास्तर? त्यांच्यापुढे आता कुणीही मोबाईल धरला की मोजपट्टी गळ्यातून काढायच्या आधी ते एकच विचारतात, "आरशातला हाय का सरळ?"